पॅट्रिक केनेडीचे एकोणचाळीस तास

नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा आजीच विचारते. "डॉक्टर, ऑक्सिजन लावलाय ना? मग तरी लेकरू धापा का टाकतंय? थोडा वाढवा की." प्रश्न रास्त आहे आणि दोन वाक्यांत त्याचं उत्तर देता येत नाही. अशा वेळी मला एक बाळ आठवतं. मी ते पाहिलेलं नाही, ते माझ्या जन्माच्या बरंच आधीचं. त्याला ऑक्सिजन द्यायला कुणी हात आखडता घेतला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं ते मूल. शेवटी तर त्याला पोलादी कक्षात ठेवून, बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाबाखाली ऑक्सिजन दिला गेला. तरी ते एकोणचाळीस तासांत गेलं. ते का गेलं, हे नीट उलगडलं की आजीच्या प्रश्नाचं उत्तर हाती येतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

बुधवार, ७ ऑगस्ट १९६३. केनेडी कुटुंब उन्हाळ्यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर मुक्कामाला होतं, जॉन केनेडी स्वतः वॉशिंग्टनमध्ये. जॅकलिन केनेडी सकाळी मुलांना घोडेस्वारीसाठी घेऊन गेल्या आणि तिथेच त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधीची बाळंतपणं अवघड गेलेली, १९५६ मध्ये एक मुलगी मृतच जन्मलेली. त्यामुळे कुणी वेळ घालवला नाही. हेलिकॉप्टरने त्यांना जवळच्या ओटिस हवाई तळावरच्या रुग्णालयात नेलं आणि दुपारी १२ वाजून ५२ मिनिटांनी सिझेरियन करून मुलगा झाला. दिवस भरायला साडेपाच आठवडे बाकी होते. वजन ४ पौंड साडेदहा औंस, म्हणजे सुमारे २ किलो ११० ग्रॅम. नाव ठेवलं पॅट्रिक.

दोन किलोचा आकडा ऐकून आपल्याकडच्या नर्स फारशा दचकणार नाहीत. पूर्ण दिवसांची पण अशीच दोन-सव्वादोन किलोची कितीतरी बाळं आपल्या वॉर्डात आईच्या कुशीत दूध पीत पडलेली असतात आणि त्यांचा श्वास अगदी संथ चाललेला असतो. पॅट्रिकची अडचण वजनाची नव्हती, दिवसांची होती. आपल्याकडे जुनी बायामाणसं म्हणतात, सातमाशी मूल जगतं, आठमाशी जगत नाही. हा समज चुकीचा आहे. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात काहीतरी टाकतच असतो. पण तो टिकून का राहिला असावा, हे मला समजतं. आठव्या महिन्याचं बाळ दिसायला जवळजवळ पूर्ण वाटतं, रडतंही. घरचे निर्धास्त होतात आणि दोन-चार तासांत त्याचा श्वास बिघडतो. सातव्या महिन्याच्या चिमुकल्या जिवाकडून कुणी आशाच धरलेली नसते, त्यामुळे त्यातलं एखादं जगलं की पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांचा, म्हणजे नेमका त्या फसव्या टप्प्यावरचा.

जन्मल्यावर थोड्याच वेळात त्याचा श्वास जड झाला. तळावरच्या धर्मगुरूंनी तातडीने त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, उरकून घेतला; बाळ जगेल याची खात्री नसली की तो असा घाईने करतात. यावरूनच डॉक्टरांना काय दिसत होतं याची कल्पना येते. हे चित्र कसं असतं ते सांगतो, कारण साठ वर्षांत औषधं बदलली तरी हे चित्र तसंच आहे. मिनिटाला साठाच्या वर श्वास. प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलतात. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते, छातीच्या हाडाखाली अंगठा मावेल एवढा खड्डा पडतो. पोट वर येतं तेव्हा छाती खाली जाते, सी-सॉसारखं. आणि उच्छ्वासाच्या वेळी एक बारीक आवाज येतो, 'अं... अं...' असा कण्हल्यासारखा. घरच्यांना वाटतं बाळ रडतंय किंवा त्याचं काही दुखतंय.

ते कण्हणं नीट ऐकायला हवं. बाळ श्वास सोडताना घशातली स्वरपट्ट्यांची फट आवळून धरतं आणि त्या अडवलेल्या हवेतून तो आवाज निघतो. सगळी हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, थोडी आत कोंडून ठेवायची, यासाठी त्याची धडपड चाललेली असते. आजार नेमका कुठे आहे ते बाळ स्वतःच सांगत असतं. त्याला हवा आत घेणं अवघड जातंय, कारण ती आत टिकत नाही.

त्याच संध्याकाळी पॅट्रिकला रुग्णवाहिकेने बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये हलवलं. निदान झालं हायलिन मेंब्रेन डिसीज. नावात वर्णन आहे, कारण नाही. या आजाराने गेलेल्या बाळाच्या फुफ्फुसाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वायुकोशांच्या आतल्या बाजूला गुलाबी, काचेसारखा चकचकीत थर दिसतो. बराच काळ अनेकांना वाटे की हाच थर बाळाचा गळा घोटतो आणि तो गर्भजल फुफ्फुसात गेल्याने तयार होतो. खरं तर तो नंतर येतो. नाजूक पेशी मरतात, रक्तातली प्रथिनं पाझरतात आणि सगळं मिळून त्याचं पापुद्र्यासारखं अस्तर बनतं. जखमेवरच्या खपलीला जखमेचं कारण समजावं, तसं ते झालं होतं.

आता फुफ्फुसाच्या आत जाऊ. वायुकोश आतून ओलसर असतो आणि ओल्या पृष्ठभागाला आकसून घ्यायची ओढ असते. पाण्याचे रेणू एकमेकांना खेचून धरतात, त्यालाच शाळेत आपण पृष्ठताण म्हणून शिकलो. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी आतून ओली असली की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि ती उघडता उघडत नाही. बोटांनी चोळून, फुंकर मारून एकदा उघडली की मग हात सहज आत जातो. फुफ्फुसात अशा कोट्यवधी ओल्या पिशव्या आहेत आणि दर श्वासाला त्या मिटायला बघतात. पिशवी जितकी लहान, तितकी ती उघडी ठेवायला दाब जास्त लागतो, हा लाप्लासचा नियम. हिशेब करून बघा. वायुकोशाची त्रिज्या मिलिमीटरचा विसावा भाग धरली आणि आत नुसतं पाणी असलं, तर तो उघडा ठेवायला सुमारे २८ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब लागेल. शांत बसलेल्या निरोगी माणसाची छाती एका श्वासाला याच्या अगदी थोड्या भागात काम भागवते. दोन किलोच्या बाळाने तो दाब मिनिटाला साठ वेळा कुठून आणायचा?

तुमचं-माझं काम सोपं होतं ते सर्फॅक्टंटमुळे. वायुकोशांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत काही गुबगुबीत पेशी असतात, ज्यांना दुसऱ्या प्रकारच्या पेशी म्हणतात. त्यांच्या पोटात कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांच्या गुंडाळ्या साठवलेल्या असतात. त्या बाहेर पडून पसरतात आणि ओल्या पृष्ठभागावर एक रेणूभर जाडीचा पडदा तयार होतो. त्यात सुमारे नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ, त्यातला मोठा भाग एका विशिष्ट लेसिथिनचा, आणि उरलेली प्रथिनं. ही प्रथिनं प्रमाणात थोडी असली तरी त्यांच्याशिवाय भागत नाही. त्यातलं 'बी' नावाचं प्रथिन जन्मतःच बनत नसेल तर पूर्ण दिवसांचं धष्टपुष्ट बाळसुद्धा याच लक्षणांनी दगावतं.

साबणानेही पृष्ठताण कमी होतो, मग याचं विशेष काय? साबणाच्या पाण्याचा ताण कमी झाला तरी साधारण एकाच पातळीवर राहतो. सर्फॅक्टंटचा ताण बदलतो. श्वास सोडताना वायुकोश लहान होतो, पडद्यातले रेणू दाटीवाटीने एकमेकांना भिडतात आणि ताण जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे मिटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच क्षणी मिटण्याची ओढ नाहीशी होते. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात थोडी हवा शिल्लक राहते आणि पुढचा श्वास त्या शिल्लकीवर सुरू होतो. जन्मल्यावरचा पहिला श्वास सगळ्यांनाच कठीण असतो. सर्फॅक्टंट असलं की दुसरा सोपा, तिसरा त्याहून सोपा. ते नसलं की बाळाचा प्रत्येक श्वास हा पहिलाच श्वास असतो. तासाला साडेतीन हजार पहिले श्वास घेऊन कुणीही थकेल, आणि ही बाळं शब्दशः थकून जातात.

गर्भाच्या फुफ्फुसात हा पदार्थ साधारण चोविसाव्या आठवड्यापासून बनायला लागतो आणि पुरेसा साठा पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास होतो. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये थोडा उशिरा. पॅट्रिक मुलगा होता आणि त्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडे होता. आणखी एक-दोन आठवडे पोटात राहता तर बहुधा हे प्रकरण घडलंच नसतं.

मला या कहाणीत सगळ्यात जास्त लागते ती गोष्ट वेगळीच आहे. यातलं मूळ कारण १९६३ मध्ये माहीत होतं. फोन नेर्गार्ड यांनी १९२९ मध्येच दाखवलं होतं की फुफ्फुस हवेपेक्षा द्रवाने फुगवायला कमी दाब लागतो, म्हणजे आकसण्याच्या ओढीचा मोठा वाटा पृष्ठताणाचा आहे. ब्रिटनमध्ये पॅटल यांना १९५५ मध्ये फुफ्फुसातल्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ आढळले. अमेरिकी लष्कराच्या रासायनिक युद्धाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या जॉन क्लेमेंट्स यांनी त्या पडद्याचा ताण मोजून दाखवला. विषारी वायूंच्या अभ्यासातून नवजात बाळांच्या आजाराची किल्ली निघाली, हा योग मला अजूनही चकित करतो. आणि मग मेरी एलन अ‍ॅव्हरी. या तरुण बालरोगतज्ज्ञाला स्वतःला क्षयरोग होऊन गेला होता आणि तिथूनच फुफ्फुसांची ओढ लागली होती. तिने क्लेमेंट्स यांच्याकडे जाऊन उपकरण पाहिलं, बॉस्टनला परतून जेअर मीड यांच्यासोबत हायलिन मेंब्रेनने गेलेल्या बाळांच्या फुफ्फुसांचा अर्क तपासला आणि इतर कारणांनी गेलेल्या बाळांशी ताडून पाहिला. निरोगी फुफ्फुसांच्या अर्काचा ताण (डाइन प्रति सेंटिमीटर या मापात) दाबल्यावर दहाच्या खाली यायचा, आजारी फुफ्फुसांचा तीसच्या आसपास अडकून राहायचा. १९५९ मध्ये त्यांनी छापलं की या बाळांमध्ये हा पदार्थच नाही.

तेच बॉस्टन. पॅट्रिकला ज्या शहरात आणलं, त्याच शहरात चार वर्षांपूर्वी त्याच्या आजाराचं खरं कारण कागदावर उतरलं होतं. यावरून डॉक्टरांना बोल लावणारे लोक मला भेटले आहेत. मला तो आरोप पटत नाही. काय नाही हे कळणं आणि ते बाळाच्या छातीत पोहोचवता येणं, यात फार अंतर असतं. बाळांना कृत्रिम श्वास देणारी यंत्रं तेव्हा नॅशव्हिल, टोरांटोसारख्या मोजक्या ठिकाणी चाचपडत वापरली जात होती. बाकी सर्वत्र उपचार म्हणजे ऊब, ऑक्सिजन, रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवण्यासाठी शिरेतून औषधं, आणि वाट पाहणं. तीन दिवस तग धरला तर बाळाच्या पेशी स्वतःच सर्फॅक्टंट बनवू लागतात आणि बाळ वाचतं. त्या तीन दिवसांपर्यंत त्याला न्यायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

८ ऑगस्टला पॅट्रिकची तब्येत ढासळत गेली आणि डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षाचा निर्णय घेतला. हृदयात जन्मजात दोष असलेल्या निळ्या पडणाऱ्या मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी तो पोलादी कक्ष वापरला जात होता. तर्क चुकीचा नव्हता, ऑक्सिजनचा दाब वाढवला की रक्तात तो जास्त विरघळतो. पण तो विरघळण्यासाठी आधी रक्तापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि पॅट्रिकचे बरेचसे वायुकोश मिटलेले होते. हृदयाकडून आलेलं रक्त त्या मिटलेल्या कोशांना वळसा घालून, हवेचा स्पर्शही न होता, तसंच परत जात होतं. दुकानाचं शटर बंद असेल तर रस्त्यावर कितीही माल आणून टाका, तो आत जात नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचाही तोच मार्ग. तो साठत जातो, रक्त आम्लधर्मी होतं, त्याने फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि सर्फॅक्टंट बनवणाऱ्या पेशींचं उरलंसुरलं कामही मंदावतं. ९ ऑगस्टला पहाटे ४ वाजून ४ मिनिटांनी पॅट्रिक गेला. वडील तिथेच होते, आई अजून तळावरच्या रुग्णालयात.

त्या दोन दिवसांत जगभरच्या वर्तमानपत्रांनी हा आजार लोकांना समजावून सांगितला. एरवी तो दरवर्षी हजारो घरांत शांतपणे येऊन जात होता. नवजात बाळांच्या श्वसनाकडे संशोधकांचं आणि पैसा देणाऱ्यांचं लक्ष त्यानंतर वाढलं. तरी उत्तर लगेच मिळालं नाही. साठच्या दशकातच डॉक्टरांनी लेसिथिनचा फवारा करून बाळांना हुंगवून पाहिला. गुण आला नाही, कारण प्रथिनांविना ते लेसिथिन नीट पसरत नाही आणि फवारा खोलवर पोहोचतही नाही. तो मार्ग काही वर्षं मागे पडला.

खरी पहिली सुटका झाली ती कण्हण्यातून. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये बाळाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवून पाहिला. उच्छ्वासालाही हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची नाही, म्हणजे बाळ घसा आवळून जे करत होतं तेच काम नळीवर सोपवायचं. वीस बाळांपैकी सोळा जगली. आज आपण ज्याला सी-पॅप म्हणतो ते हेच. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधून लिगिन्स आणि हॉवी यांचा अभ्यास आला. लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूती कशाने सुरू होते ते शोधत होते. गर्भाला स्टिरॉइड दिल्यावर कोकरं फार लवकर जन्मली. इतक्या लवकर जन्मलेली कोकरं एरवी जगायलाच नको होती, पण एका कोकराच्या फुफ्फुसात हवा भरलेली सापडली. तोच धागा धरून त्यांनी अपुऱ्या दिवसांत कळा येणाऱ्या मातांना स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि बाळांचे श्वास सुधारले. शेवटी १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुफ्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत थेट सोडलं आणि ती सुधारताना दिसली. अमेरिकेत पहिल्या सर्फॅक्टंट औषधाला मान्यता मिळाली १९९० मध्ये, पॅट्रिकनंतर सत्तावीस वर्षांनी.

समजा पॅट्रिक आज आपल्याकडच्या चांगल्या सोयीच्या विभागात जन्मला असता. आईला आधी इंजेक्शनं देऊन फारसा उपयोग झाला नसता. त्यांना पूर्ण काम करायला साधारण एक दिवस लागतो आणि त्या सकाळी हाती काही तासच होते. आपल्या सरकारी सूचनांनुसार चोवीस ते चौतीस आठवड्यांदरम्यान कळा आल्या तर उपकेंद्रातली ए.एन.एम. ताई, म्हणजे गावातली परिचारिकासुद्धा, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ शकते, ६ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार वेळा. औषध अगदी स्वस्त आहे. कळा येताच पहिला डोस देऊन मगच मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तर वाटेतले तासही कामी येतात. गरोदर बाई घरात असेल तर हे घरच्यांनाही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. पॅट्रिकचे दिवस मात्र या मर्यादेच्या थोडे पुढे गेलेले.

त्यामुळे जन्मल्यापासून पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या नाकाला सी-पॅप लागला असता. तेवढ्यानेच बरीच बाळं सावरतात. नाहीच सावरला आणि ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या वर द्यावा लागतोय असं दिसलं, तर फ्रिजमधून कुपी निघाली असती. छोटी काचेची कुपी, आत दुधासारखं पांढरं औषध. ती हलवायची नाही, फेस होतो. तळहातात धरून ऊब द्यायची आणि अलगद उलटी-सुलटी करायची. दोन किलो ११० ग्रॅमच्या बाळाला डुकराच्या फुफ्फुसापासून बनवलेल्या औषधाची मात्रा होते सव्वापाच मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर. बारीक नळीने ते श्वासनलिकेत सोडायचं. कुपीची किंमत हजारांत असते आणि खासगी दवाखान्यात ती जुळवताना बापाचा चेहरा काय होतो ते मी पाहिलं आहे. सरकारी रुग्णालयात मात्र आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात. हे माहीत नसल्याने लोक दागिने गहाण टाकतात.

औषध गेल्यावर पहिली काही मिनिटं बाळ जरा कुरकुरतं, पडद्यावरचे आकडे खाली-वर होतात. मग गुलाबी रंग ओठांपासून पसरत जातो. यंत्रावरचा ऑक्सिजन मी साठावरून पन्नासवर आणतो, पन्नासवरून चाळीसवर, अर्ध्या तासात बहुधा पंचविसापर्यंत. दारातल्या काचेतून आजी बघत असते आणि तिचा जीव पुन्हा वर-खाली होतो. "कमी का केला, डॉक्टर?" मी तिला हात धुवायला लावतो, आत बोलावतो आणि पेटीजवळ उभं करतो. बाळाच्या बरगड्यांमधले खड्डे भरून आलेले असतात आणि कण्हणं थांबलेलं असतं.